पाच नावं, एकच डोकं: हँडिकॅपिंग टूर्नामेंट खेळणाऱ्यांनो, सावध राहा

अमेरिकेतल्या घोड्यांच्या रेसवर ऑनलाइन हँडिकॅपिंग टूर्नामेंट, म्हणजे अभ्यास करून घोडे निवडण्याची स्पर्धा, खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मला फसवलं गेलं, आणि आयोजकांच्या लेखी ते नियमात बसलं.

स्पर्धा नेहमीच्या पद्धतीची होती. प्रत्येक रेसला एक घोडा निवडायचा आणि त्यावर दोन डॉलर विन (घोडा पहिला आला तर), दोन डॉलर प्लेस (पहिला किंवा दुसरा आला तर), तेही फक्त कागदावर. कागदावरची कमाई ज्याची जास्त, तो जिंकतो. खरा पैसा जातो तो प्रवेश फीचा. भाव कितीही मोठा असो, विनला २०-१ (एका डॉलरला वीस) आणि प्लेसला १०-१ एवढाच धरतात. म्हणजे लावलेले दोन-दोन डॉलर धरून एका घोड्यावर जास्तीत जास्त ४२ आणि २२, मिळून ६४ डॉलर. लास वेगासच्या नॅशनल हॉर्सप्लेयर्स चॅम्पियनशिपमध्येही हीच मर्यादा असते.

शेवटच्या रेसआधी मी पहिला होतो. माझ्या मागे ६४ डॉलरच्या आत असलेला कुणीही एका लाँगशॉटवर (जिंकण्याची शक्यता कमी, म्हणून भाव मोठा असलेल्या घोड्यावर) मला मागे टाकू शकत होता, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे असणाऱ्याला त्यावर उपाय असतो: मागचा खेळाडू कोणता घोडा घेईल ते ओळखून तोच आपण घ्यायचा, म्हणजे तो घोडा आला तरी अंतर कायम राहतं. एका माणसासमोर हे जमतं. माझ्या मागे पाच एंट्र्या होत्या आणि पाचांनी पाच वेगळे लाँगशॉट घेतले. त्यातला एक आला.

निकालानंतर सगळ्यांच्या निवडी उघड झाल्या तेव्हा मी त्या ओळीने मांडून पाहिल्या. आधीच्या रेसमध्ये या पाचांचे घोडे जवळपास सारखेच. फेव्हरेटवर, म्हणजे सर्वाधिक पसंतीच्या घोड्यावर, पाच जण जमतात, ते समजू शकतं. पण इतर कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या घोड्यांवरही हेच पाच जण एकत्र होते. शेवटच्या रेसला मात्र एकही घोडा दोघांत सामाईक नव्हता.

पाचांच्या निवडी एकच डोकं करतंय, अशी मी तक्रार केली. आयोजकांचं उत्तर आलं: नियम ‘एका व्यक्तीला एक एंट्री’ असा आहे, नावं पाच, खाती पाच, फी पाच. निवड कोण करतं याबद्दल नियमात शब्दही नव्हता. जास्त एंट्र्यांना माझा विरोध नाही. लास वेगासला एका खेळाडूला दोन चालतात आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. इथे बाकीच्यांना एकच घोडा घ्यायची मुभा आणि एका टोळीला लपूनछपून पाच, हा सरळ अन्याय आहे.

फी भरण्याआधी नियमावलीत संगनमताला बंदी आहे का, शिक्षा काय आहे, शंका आल्यास बक्षीस रोखता येतं का, हे शोधा. निवडी सर्वांना दिसतात का, तक्रारीची मुदत किती, तेही पाहा. आणि निवडींची पानं त्याच दिवशी जतन करून ठेवा, कारण माझ्या तक्रारीनंतर ती काढून टाकली गेली. पुढच्या स्पर्धेसाठीही त्यांनी तीच नियमावली लावली आहे, एक अक्षरही न बदलता.