इस्ट्रॅडिऑल, स्पायरोनोलॅक्टोन आणि उपवासाचे ताट: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मी पारलिंगी स्त्री असून इंदूरमधील एका एंडोक्रिनोलॉजिस्टच्या (हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांच्या) देखरेखीखाली वर्षाहून अधिक काळ इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन) आणि स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनला रोखणारे औषध) घेत आहे. आरंभी इस्ट्रॅडिऑलसाठी प्रोजिनोव्हा या नावाच्या गोळ्या होत्या; पुढे त्यांच्या जागी दंडावर चोळण्याचे जेल आले. या काळात माझे ठाम मत असे झाले आहे की, हार्मोनची पातळी औषधानेच राखावी लागते, ती आहाराने वाढत नाही. मात्र औषध घेणारे शरीर सांभाळण्याचे काम आहाराचेच आहे, आणि त्याविषयी आपल्या घरांत फारच कमी बोलले जाते.

एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इस्ट्रॅडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असावे, तसेच पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी. गोळी पोटातून प्रथम यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणाऱ्या घटकांवर परिणाम करते. जेल त्वचेतून थेट रक्तात उतरत असल्याने रक्ताच्या गुठळीचा धोका कमी मानला जातो. ज्यांचे वय अधिक आहे किंवा ज्या धूम्रपान करतात, त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. जेल लावलेल्या दंडातून रक्त दिल्यास आकडा खोटाच फुगू शकतो. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्वही अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत घोळ घालते, म्हणून तपासणीच्या काही दिवस आधी ते थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. आणखी एक गोष्ट म्हणजे, अहवालावर पुरुषांची संदर्भश्रेणी छापलेली असेल, तर स्त्रियांच्या मानाने उत्तम असलेले हिमोग्लोबिनही ‘कमी’ म्हणून ठळक केले जाते आणि घरची माणसे उगाच घाबरतात.

माझ्या बाबतीत खरा विचार करावा लागला तो पोटॅशियमचा. स्पायरोनोलॅक्टोन मूत्रपिंडांवाटे सोडियम व पाणी बाहेर काढते आणि पोटॅशियम शरीरात रोखून धरते. आमच्याकडे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एकादश्या पाळल्या जातात, आणि उपवासाच्या ताटातील बटाटा, रताळे, केळे, शेंगदाणे व वर शहाळ्याचे पाणी, या सगळ्यांतच पोटॅशियम भरपूर असते. थंडीत इंदूरच्या सराफा या खाऊबाजारात मिळणारा तळलेला गराडू हा कंदही त्याला अपवाद नाही. मूत्रपिंडे निरोगी असतील तर एखाद्या केळ्याने काही बिघडत नाही, परंतु दिवसभर केवळ हेच खाणे मला योग्य वाटत नाही, म्हणून मी भगर, राजगिरा आणि ताक यांकडे वळले. त्याहून महत्त्वाची बाब मिठाची आहे. बाबांच्या रक्तदाबासाठी आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमची काही जागा पोटॅशियम क्लोराइड घेते. त्यामुळे आई आता माझी भाजी साध्या मिठाने वेगळी करते, आणि तिने हे कोणताही त्रागा न करता स्वीकारले याचे मला फार मोल वाटते. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असावे. इंदूरच्या मे महिन्यात या औषधाने तहान आणि उठताना येणारी चक्कर वाढते, तेव्हा पाणी जवळ बाळगावेच.

सोयाबीन खाल्ल्याने इस्ट्रोजेन मिळते, असे अनेकजणी एकमेकींना सांगतात. माळवा हा सोयाबीनचा प्रदेश आहे आणि या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे, त्यामुळे येथे हा समज अधिक पसरलेला दिसतो. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन ही इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिद्रव्ये अतिशय क्षीण असतात आणि ती औषधाची जागा मुळीच घेऊ शकत नाहीत. प्रथिनांसाठी मात्र सोयाबीन जरूर खावे, कारण टेस्टोस्टेरॉन घटल्यावर स्नायू कमी होतात आणि चरबी वाढते; रोजचे पोहे-जिलबी आणि शेव त्यात भरच घालतात. हाडांसाठी दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, ते मी दूध, दही, तीळ आणि राजगिऱ्यातून घेते व ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घेते.

त्वचा मऊ होणे व स्तनांची वाढ सुरू होणे सामान्यतः तीन ते सहा महिन्यांत जाणवते, मलाही तसेच जाणवले; आवाज मात्र औषधाने बदलत नाही आणि दाढीसाठी लेझरचा वेगळा खर्च धरावा लागतो. प्रजननक्षमता कायमची घटू शकते, त्यामुळे पुढे स्वतःचे मूल हवे असण्याची थोडीही शक्यता वाटत असेल, तर शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी पहिली गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.