फाटकाच्या जागी आलेली रेल्वे मोरी: ५ पैकी ३ गुण

कागदावर नाव ‘लिमिटेड हाइट सबवे’, म्हणजे रुळांखालून जाणारा कमी उंचीचा रस्ता. गावात कोणी बोगदा म्हणतं, कोणी मोरी. फाटकावर ताटकळणं संपवायचं आणि कोणाला गाडीखाली येऊ द्यायचं नाही, ही तिची दोन कामं. दुसऱ्या कामात पैकीच्या पैकी गुण. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ गेटमन नसलेल्या फाटकावर शाळेची व्हॅन रेल्वेगाडीखाली सापडली आणि १३ मुलं गेली. त्यानंतर कामाला वेग आला आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवर असं एकही फाटक उरलं नाही. काही बंद झाली, काहींवर माणूस बसला, बऱ्याच ठिकाणी मोरी आली.

पहिलं काम मात्र आठ महिन्यांपुरतंच होतं. पावसाळ्यात मोरीचं तळं होतं.

दोष मोरीच्या काँक्रीटच्या चौकोनी बॉक्सचा नाही, जागेचा आहे. इंग्रजांच्या काळातल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या दगडी कमानी पाहा. रूळ भरावावर, रस्ता जमिनीच्या पातळीवर. पाणी आलं तसं निघून जातं. फाटक मात्र तिथेच असतं जिथे रूळ आणि रस्ता एका पातळीत आहेत. म्हणजे मोरीसाठी रस्ता खाली खणावा लागतो. आतली मोकळी उंची ३.६ मीटर, वरचा स्लॅब साधारण ०.४, त्यावर खडी, स्लीपर, रूळ मिळून पाऊण मीटर. रस्ता रुळाच्या माथ्यापासून पावणेपाच मीटर खाली गेला. २० ला १ असा उतार धरला तर दोन्ही बाजूंना ९५-९५ मीटरची घसरण.

आता पावसाचा हिशेब. साडेपाच मीटर रुंदीच्या या दोन उतारांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ५२,००० लिटर पाणी तळाशी जमतं. १२ मीटर लांबीच्या बॉक्समध्ये ते दीड फूट उभं राहतं. मोटारसायकलच्या सायलेन्सरला तेवढं पुरतं. सेकंदाला १० लिटर उपसणारा पंप धरला तरी दीड तास गेला, आणि ऐन पावसात खेड्यातली वीज गेली नाही तर! शेतातून वाहत येणारं पाणी यात धरलेलंच नाही.

ते अडवायला उतार सुरू होण्याआधी रस्त्याला आडवा उंचवटा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला जाळीची आडवी गटार हवी. उंचवटा नसेल तर मोठ्या सरीत पाणी गटार ओलांडून मोरीत उतरतं. उतारांवर पत्र्याची शेड टाकली की वरून पडणारं बहुतेक पाणी बाहेर जातं, फक्त शेडचे पन्हळ मोरीतच सोडलेले नाहीत ना, हे पाहा. (सोडलेले सापडतात.)

बांधणीचा वेग मानायलाच हवा. काही तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, रूळ कापतात, पोकलेनने खणतात, तयार बॉक्सचे तुकडे क्रेनने बसवतात, बाजूंना मुरूम भरून खडी-रूळ जोडतात. सुरुवातीचे दिवस गाड्या हळू काढतात. कमजोर जागा म्हणजे दोन तुकड्यांमधला सांधा. त्यातलं ग्राउट (सिमेंटचा भराव) सुटलं की भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात. काळ्या जमिनीत भूजल वर आलं की याच सांध्यांतून पाऊस थांबल्यावरही पाझर चालू राहतो. तिथे एकदा उपसून भागत नाही, पंप लावूनच ठेवावा लागतो.

उंचीची गोष्ट वेगळी. ट्रॅक्टर, जीप, बैलगाडी सहज जातात. मालट्रकला कायद्याने ४ मीटर उंची चालते, तो ३.६ मध्ये मावत नाही. कडब्याची गच्च भरलेली गाडी आणि मोठा हार्वेस्टर यांनी दुसरी वाट धरावी. तोंडाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची लोखंडी कमान असते, ती वाकलेली दिसली तर तिच्या भरवशावर आत शिरू नका. वाकलेली पट्टी खरी उंची दाखवत नाही. शिवाय रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की पाटीवरची उंची तेवढी कमी झालेली असते. पाटी कोणी बदलत नाही.

रूळ भरावावर असेल तर मोरी डोळे झाकून घ्या, तिथे ५ पैकी साडेचार. सपाटीवर असेल तर फाटक बंद करायला संमती देण्याआधी नकाशात एकच रेघ शोधा: साचलेलं पाणी कोणत्या ओढ्याला जातं ती. ओढ्याचा तळ मोरीच्या तळापेक्षा उंच असेल तर पंपाशिवाय पाणी हलणार नाही. मग पंप कोण चालवणार आणि डिझेलचे पैसे कोण देणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या.