एमसीआर चप्पल: दिसायला डब्बा, पण आई चालतीय

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा दिसण्याचा कापला, एक ओल्या फरशीचा. बाकी कामाला एक नंबर.

दुकानात ही मऊ रबराची चप्पल 'डायबेटिसची चप्पल' म्हणून मिळते, आम्ही मात्र कॅन्सरच्या गोळ्यांमुळं घेतली. आईचा ब्रेस्ट कॅन्सर परत आलाय, ह्यावेळी हाडात. पहिल्या वेळी ऑपरेशन, सलाईनमधनं केमो, शेक (रेडिएशन) सगळं झालेलं, त्यामुळं आता डॉक्टरांनी कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी लिहून दिली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं गोळीच तर आहे, केस पण फारसे जात नाहीत म्हणे, सोपं जाईल. १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी, परत चालू. पण ह्या गोळीचा त्रास निघतो तळहात आणि तळपायांवर. लाल होतात, आग होते, मग सालपटं निघतात, भेगा पडतात. हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, निम्म्या-अधिक पेशंटना कमीजास्त होतोच. घासणं, दाब पडणं आणि गरम लागणं ह्या तिन्हीनं वाढतो.

आणि राहायला आम्ही कोल्हापुरात! २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, २०२५ मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन ब्रँडनं मिलानच्या शोत तसलीच सँडल दाखवली म्हणून जगभर गाजलेली आपली कोल्हापुरी चप्पल, आईनं जन्मभर इथल्या चप्पल लाईनीतल्या दुकानांतनंच घेतलेली. कातडं मऊ पडेपर्यंत ती धडधाकट पायाला पण चावते, मग असल्या पायाचं काय होणार. गोळ्यांच्या दुसऱ्या सायकलला (फेरीला) आई भिंतीला धरून टाचेवर बाथरूमला जायला लागली, वर विचारलं की "काही नाही गं, जरा मुंग्या येतात." ती लपवत होती कारण तिला वाटत होतं की सांगितलं तर डॉक्टर गोळ्या बंद करतील आणि बंद केल्या की संपलं. पहिल्या वेळी हीच बाई वॉर्डभर सगळ्यांना धीर देत फिरायची. शेवटी ओपीडीत मीच तिचे मोजे काढून डॉक्टरांना पाय दाखवले. त्यांनी थोडे दिवस गोळी थांबवली, मग डोस कमी करून परत चालू केली आणि तिला नीट समजावलं की हे सगळीकडं असंच करतात, वेळेत थांबलं तर औषध पुढं जास्त दिवस घेता येतं. चालायला दुखायला लागलं की लगेच फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. तुमच्या घरी कुणी ह्या गोळीवर असेल तर 'दुखतंय का' विचारत बसू नका, रोज पाय बघा.

आता चप्पल. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, पूर्वी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरायचे, नंतर डायबेटिसवाल्यांना द्यायला लागले. आधी ऑनलाईन एक मागवली होती, नाव लिहीत नाही, वर एमसीआर छापलेलं आणि आत साधा फोम, पंधरवड्यात टाचेखाली चप्पट झाली. रिटर्नचा फॉर्म भरता भरता मुदत संपली ते वेगळंच. मग राजारामपुरीतल्या एका सर्जिकल दुकानातनं घेतली. तिथल्या दादांनी दाखवलं, अंगठ्यानं दाबायचं, रबर आत गेलं पाहिजे आणि बोट काढल्यावर परत वर आलं पाहिजे. "मावशींना संध्याकाळी घेऊन या, पाय सुजलेला असतो तेव्हाच माप बरोबर येतंय" असं पण त्यांनीच सांगितलं, म्हणून परत गेलो. मागं पट्टा असलेलीच घ्या, अंगठ्याची अजिबात नको, अंगठ्याच्या बेचक्यात घासतं. घालून आई दुकानातच दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "बरं वाटतंय की गं, उद्या दळण मीच टाकून येतो."

तक्रारी पण आहेत. ओल्या मोझॅकवर घसरते, आणि हाडात आजार असलेल्या माणसाला पडणं परवडत नाही, फ्रॅक्चरची भीती असते. आम्ही बाथरूमसाठी वेगळी ग्रिपची मऊ स्लीपर ठेवलीय. वेल्क्रोत साडीचा फॉलचा दोरा अडकतो. उन्हाळ्यात पाय घामेजतो, मध्ये मध्ये काढून वारं लागू द्यावं लागतं. आणि दिसायला काळा डब्बा, लग्नाला घालून जायला आईनं साफ नकार दिला, आणि एकदा तर मावशीनं विचारलंच "पायात हे काय घातलंयस, आणि एवढं सगळं करून परत कसं काय आलं गं?" असल्या प्रश्नाला आई आता सरळ "त्यालाच विचार" म्हणते. अंबाबाईला जायचं तर चप्पल बाहेर काढावीच लागते आणि दुपारी फरसबंदी तापलेली असते. आम्ही पहाटे जातो, जाड सुती मोजे घालून.

नुसत्या चप्पलेनं भागत नाही हे पण सांगते. १० टक्के युरियाचं क्रीम, कोमट पाणी, भांडी-कपडे बंद. डॉक्टरांनी हाताला १ टक्का डायक्लोफेनॅक (दुखण्या-सुजेवरचं औषध) जेल पण दिलंय, दिल्लीच्या एम्सच्या २०२४ ला छापून आलेल्या ट्रायलमध्ये जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के जणांना मध्यम किंवा जास्त त्रास झाला आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. पण आपल्या मनानं लावू नका, विचारून लावा, आणि फुटलेल्या कातडीवर तर नकोच.

किंमत हजाराच्या आत. लेडीजमध्ये ब्राऊन रंग पण येतो, तो जरा बरा दिसतो. सहा नंबर लवकर संपतो, त्यामुळं दुकानात फोन करून ठेवायला सांगा आणि मगच पेशंटला घेऊन जा.