गावच्या मेडिकलमध्ये कानाची काळजी: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून कानाचा डॉक्टर गाठायचा म्हणजे रत्नागिरी. एसटीने जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो आणि ऐंशीकडे झुकलेल्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ते दर वेळी झेपत नाही. म्हणून उन्हाळ्यापासून कानाच्या बारीकसारीक गोष्टींसाठी आम्ही बाजारपेठेतल्या मेडिकलवर भिस्त ठेवली. दुकान चालवणाऱ्या ताई स्वतः फार्मासिस्ट आहेत. पाऊस सरला, आता अनुभव सांगण्याइतका वापर झाला आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो अण्णांच्या ऐकण्याच्या मशीनसाठी. मशीन तपासणी करूनच घेतलं होतं, कानामागे बसणारं. पण घेताना दुकानदाराने ते चालू-बंद करून दाखवलं आणि डबी हातात दिली. पुढचं सगळं ताईंनी शिकवलं. अण्णांना निळ्या स्टिकरचा, ६७५ नंबरचा सेल लागतो. हा सेल हवेवर चालतो: स्टिकर काढला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि तो जागा होतो. त्यामुळे स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग सेल बसवायचा. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, तो उतरतच राहतो. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. कोकणातल्या जुलैत ही पुडी म्हणजे मशीनचं आयुष्य आहे. कानात बसणारा मोल्ड मशीनपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, नळीत फुंकर मारून पाणी काढायचं, पुरता वाळला की मगच जोडायचा. मशीन मात्र पाण्याला लावायचं नाही. वापरलेले सेल त्या परत मागून घेतात, कारण लहान मुलाने असा सेल कानानाकात घातला किंवा गिळला तर काही तासांत आतली कातडी जळू शकते.

श्रावणात मशीन शिट्टी मारायला लागलं आणि अण्णांना ऐकूही कमी यायला लागलं. घरात सगळे म्हणाले, मशीन बिघडलं. ताईंनी मशीनला हात लावण्याआधी अण्णांना विचारलं: कान दुखतो का, वाहतो का, चक्कर येते का, पूर्वी पडद्याला भोक किंवा ऑपरेशन झालंय का? सगळ्याला नाही म्हटल्यावर, कानात मळ साठला असावा म्हणून तो मऊ करणारे थेंब दिले. बाटली मुठीत धरून कोमट करायची, कारण गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर पडून कान वर-मागे ओढायचा, थेंब घालून पाचेक मिनिटं तसंच पडून राहायचं. चार-पाच दिवसांनी ग्रामीण रुग्णालयात मळ काढून घेतला. शिट्टी थांबली, मशीनला काहीच झालेलं नव्हतं. कानात काडी, पिन, गरम तेल, कापसाची बड यातलं काही घालू नका, बडने मळ आणखी आत ढकलला जातो, हे त्या प्रत्येकाला तितक्याच आस्थेने सांगतात.

पण माझा विश्वास बसला तो त्यांनी दिलेल्या नकारामुळे. पुतण्या पावसात पऱ्यावर डुंबायचा. त्याचा कान खाजायला आणि वाहायला लागला. शेजारच्यांनी एका अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडच्या मिश्र थेंबांचं नाव सांगितलं होतं. ताईंनी चिठ्ठीशिवाय ते द्यायला साफ नकार दिला आणि कारणही समजावलं. बुरशी असेल तर अशा थेंबांनी ती वाढते. पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिन, निओमायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत उतरून ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. रत्नागिरीला दाखवलं तर बुरशीच निघाली. डॉक्टरांनी कान साफ करून क्लोट्रिमाझोलचे थेंब दिले आणि आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घालायला सांगितला. विक्री बुडवून पोराला पुढे पाठवणारं दुकान मिळणं ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

कुठे थांबायचं हे त्यांना पक्कं माहीत आहे. कानामागे सूज, रक्त, तोंड वाकडं होणं किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं, यातलं काही असेल तर थेंब नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांतच उपचार लागू पडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ‘दडा बसलाय, सुटेल’ म्हणत आठवडा घालवू नका.

उणीव एकच, पण मोठी: कानात बघण्याचं साधन नाही. सगळं विचारपूस करून ठरवावं लागतं. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट योजनेत १ ते १७ वर्षांच्या मुलांच्या कानदुखीवर फार्मासिस्ट स्वतः ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघण्याच्या साधनाने, बघून ठरलेले उपचार देतात. आपल्याकडे बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आशाताई आहेत, पण मेडिकलवाल्यांना त्यात धरलेलं मी पाहिलं नाही. फार्मासिस्टला प्रशिक्षण आणि ओटोस्कोप द्या, बघितलेलं थेट ग्रामीण रुग्णालयाला कळवण्याची सोय करा. गावात सकाळी आठपासून रात्रीपर्यंत उघडं असणारं आरोग्याचं दार तेवढंच आहे.

नवीन मशीन घेणाऱ्यांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी जरूर करावी. ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत, सेल-मोल्डला हातभार लागतो.

दुपारी ताई जेवायला जातात तेव्हा काउंटरवर मदतीचा मुलगा असतो. सेल घ्यायचे असतील तर चालेल. कानाचं काही विचारायचं असेल तर ताई येईपर्यंत थांबा.