होनोलुलूचं हॉटेल बिल: कर कुणाच्या तिजोरीत जातो?

खोली २०० डॉलरची असेल, तर हवाई राज्याचा निवास कर ११ टक्के म्हणजे २२ डॉलर, काउंटीचा (म्हणजे होनोलुलूच्या स्थानिक प्रशासनाचा) ३ टक्के म्हणजे ६, वर ४.७१२ टक्क्यांनी विक्रीकरासारखा सर्वसाधारण कर ९.४२. हातात पडतं २३७.४२चं बिल! रिसॉर्ट फीवरही (हॉटेल खोलीभाड्याखेरीज सक्तीने घेतं ती फी) कर लागतो, म्हणून बुकिंग करताना एकूण रक्कमच बघा.

२०२१ मध्ये मोडीत निघालेल्या जुन्या पद्धतीत हवाई राज्य निवास करातून चार काउंट्यांना मिळून वर्षाला १०.३ कोटी डॉलर द्यायचं, त्यातले ४४.१ टक्के होनोलुलूचे. रक्कम ठरीव, त्यामुळे पर्यटक वाढले तरी वाटा तेवढाच. किनारे, कचरा, जीवरक्षक मात्र काउंटीनेच सांभाळायचे. आताचा थेट ३ टक्के कर त्याहून कितीतरी न्याय्य. जाच होतो तो खोली देणाऱ्याला: राज्याचं आणि काउंटीचं विवरणपत्र वेगवेगळं भरावं लागतं.