बडोद्यातील घरपोच मराठी वाचनालय आणि त्याची अभिप्रायाची चिठ्ठी

दांडिया बाजार, बाबाजीपुरा आणि रावपुरा या बडोद्याच्या जुन्या वस्त्यांतील मराठी घरांपर्यंत पुस्तके पोहोचवणारे एक खासगी वाचनालय अलीकडेच सुरू झाले आहे. त्याचे नावही चालकांनी सभासदांकडूनच मागवले आहे आणि ते ठरेपर्यंत पावतीवर केवळ ‘मराठी वाचनालय’ एवढेच छापलेले असते. महिन्याची वर्गणी शंभर रुपये आणि परत मिळणारी अनामत पाचशे रुपये असून, एका वेळी दोन पुस्तके व एक मासिक मिळते. कथा-कादंबऱ्या आणि चरित्रे पुरेशी आहेत, कवितासंग्रह थोडे आहेत आणि विज्ञानविषयक पुस्तके जवळजवळ नाहीतच. पुस्तके कापडी पिशवीत, ठरलेल्या वारी आणि बहुधा ठरलेल्या वेळी येतात. सेवेच्या या बाजूबद्दल तक्रार करावी असे काही नाही. मला सविस्तर लिहायचे आहे ते वाचकांचे मत विचारण्याच्या या वाचनालयाच्या पद्धतीविषयी, कारण नव्या वाचनालयाचा जम बसणार की नाही हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते असे माझे मत आहे.

सुरुवातीला सभासदत्वाच्या अर्जाबरोबर एक छापील प्रश्नावली दिली जात असे. पुस्तके कशी वाटली, सेवा कशी वाटली, निवड कशी वाटली, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे ‘उत्तम’, ‘बरी’, ‘असमाधानकारक’ असे तीन पर्याय. ती भरून पुस्तक आणून देणाऱ्या तरुणाच्याच हाती द्यायची होती. तो मुलगा उन्हातून आलेला, जिना चढून दारात उभा राहिलेला. त्याच्यासमोर ‘असमाधानकारक’ या शब्दावर खूण करण्याइतके कठोर मन आपल्याकडे फार थोड्या लोकांचे असते. बहुतेकांनी भिडेखातर सगळीकडे ‘उत्तम’ लिहिले आणि चालकांच्या हाती कोणतीही उपयुक्त माहिती आली नाही. आम्ही काही सभासदांनी हे त्यांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी ती प्रश्नावली बंद केली. नव्याने सुरू झालेल्या संस्थेने आपलीच छापून घेतलेली कागदपत्रे इतक्या लवकर बाजूला ठेवावीत, हे मला विशेष वाटते.

आता प्रत्येक पुस्तकाच्या मागील पुठ्ठ्याच्या आत एक कागदी खिसा चिकटवलेला असतो आणि त्यात कोऱ्या चिठ्ठ्या असतात. चिठ्ठीवर तीनच प्रश्न आहेत : पुस्तक कोणत्या पानापर्यंत वाचले, मध्येच थांबला असाल तर का थांबलात, आणि हे पुस्तक कोणत्या प्रकारच्या वाचकाला द्यावेसे वाटते. खाली नाव नव्हे, फक्त सभासद क्रमांक लिहायचा. भरलेली चिठ्ठी त्याच खिशात राहते, त्यामुळे पुढच्या वाचकाला ती वाचता येते. पुस्तक आवडले का, हा प्रश्न मुळीच विचारलेला नाही आणि यातच या पद्धतीचे शहाणपण आहे. आवडनिवड सांगताना माणूस संकोचतो किंवा मोठमोठी विशेषणे वापरतो. परंतु एकशे चाळिसाव्या पानावर थांबलो, एवढे सांगायला कोणाला संकोच वाटत नाही आणि त्या एका आकड्यातून चालकांना बरेच कळते.

मी घेतलेल्या एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत निरनिराळ्या सभासदांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांतील बहुतेकजण साधारण एकाच ठिकाणी, घराण्यांच्या वंशावळी सुरू होतात तिथे, थांबले होते. त्यांच्यानंतरच्या एका सभासदाने मात्र लिहून ठेवले होते, ‘वंशावळीची पाने तूर्त सोडा, तहाच्या प्रकरणापासून पुढे वाचा, मग मागे या.’ मी तसेच केले आणि पुस्तक पूर्ण झाले. ही सूचना वाचनालयाने छापली असती तर ती जाहिरातीसारखी वाटली असती. ती एका अनोळखी सहवाचकाकडून आली, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

दुसरा परिणाम अधिक व्यावहारिक आहे. अनेक ज्येष्ठ सभासदांनी थांबण्याचे कारण म्हणून कथानकाचा उल्लेखच केला नव्हता. बारीक टाइप आणि फिकट छपाई हेच कारण दिले होते. त्यानंतर मोठ्या टाइपाच्या पुस्तकांच्या कण्यावर हिरवी पट्टी चिकटवण्यात आली आणि दर महिन्याच्या पत्रकात ही पट्टी कोणत्या तक्रारीमुळे आली तेही छापले गेले. मत दिल्यानंतर त्याचे काय झाले हे ज्याला दिसते, तोच पुन्हा मत देतो. पुढच्या महिन्यापासून चिठ्ठ्या वाढल्या, असे चालक सांगतात आणि खिशांकडे पाहता ते खरे वाटते.

बडोद्याच्या मराठी घरांचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यायला हवे. गुजराती माध्यमात शिकलेल्या पिढीतील अनेकांना मराठी वाचता येते, पण लिहिताना हात गुजराती लिपीकडे वळतो. त्यामुळे काही चिठ्ठ्यांत भाषा मराठी आणि अक्षरे गुजराती असा प्रकार आढळतो. वाचनालय त्या तशाच स्वीकारते आणि पत्रकात देवनागरीत उतरवून छापते. शुद्धलेखनाच्या धाकाने या मंडळींची तोंडे बंद झाली असती, तर वाचनालयाने आपला तरुण वाचक गमावला असता. या शहराला ही रीत परकी नाही. बडोदा संस्थानात १९१२ मध्ये सुरू झालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघत असे.

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून संस्थानभर विनामूल्य सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हाही वाचकाला निव्वळ लाभार्थी मानलेले नव्हते. गावाने स्वतः रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायत (म्हणजे जिल्हा पातळीवरची स्थानिक संस्था) आणि तेवढीच सरकार देई, आणि अशा रीतीने गावचे ग्रंथालय चाले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. त्या तिहेरी वाट्याचे महत्त्व पैशांपुरते नव्हते. स्वतःचा एक तृतीयांश भाग घातलेला गावकरी ग्रंथालयात काय असावे, हे हक्काने बोलू शकत होता. प्रस्तुत वाचनालयाने, जाणून असो वा नसो, हेच सूत्र उचललेले दिसते. दर महिन्याच्या खरेदीचा एक भाग सभासदांच्या मागणीसाठी राखीव असतो, मागणी केलेले पुस्तक प्रथम त्याच सभासदाकडे जाते, आणि मागणी नाकारली तर पुस्तक छापून येत नाही किंवा किंमत आवाक्याबाहेर आहे, असे स्पष्ट कारण पत्रकात दिले जाते. नकाराचे कारण छापण्याची ही सवय मला खरेदीपेक्षाही मोलाची वाटते.

उणिवा आहेत आणि त्या दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत. मोबाइलवरील सभासदांचा गट हा त्यांतील सर्वांत मोठा दोष. सुप्रभाताचे संदेश, सणांच्या शुभेच्छा आणि फिरत आलेली चित्रे यांच्या गर्दीत पुस्तकांविषयीचे चार चांगले शब्द हरवून जातात आणि चालकांकडून प्रत्येकाला एकसारखे ‘धन्यवाद’ मिळते. पाने सुटलेल्या एका पुस्तकाबद्दल मी याच गटावर लिहिले होते. त्याला धन्यवाद मिळाले, परंतु पुस्तक तसेच पुढच्या घरी गेले. तीच गोष्ट चिठ्ठीवर लिहिल्यावर मात्र आठवड्यात बांधणी झाली. तेव्हा गट केवळ पुस्तक कधी येणार हे कळवण्यासाठी ठेवावा आणि तक्रारीसाठी एकच ठिकाण असावे. मुलांच्या पुस्तकांत चिठ्ठीचा खिसाच नाही, हेही खटकते. कोणत्या पानावर कंटाळा आला हे मुलांइतके सरळ कोणी सांगणार नाही. मांजलपूर आणि कारेलीबागेतील सभासदांना अजून स्वतः येऊन पुस्तक न्यावे लागते, हा अंतराचा प्रश्न आहे.

ज्यांना दुर्मीळ संदर्भग्रंथ हवे असतील त्यांनी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातच जावे. घरी ज्येष्ठ वाचक असतील, किंवा मराठी बोलणारी पण मराठी पुस्तकांपासून दुरावलेली तरुण मंडळी असतील, तर हे सभासदत्व अवश्य घ्यावे, आणि पुस्तक परत करण्यापूर्वी खिशातील चिठ्ठी भरण्यासाठी पाच मिनिटे काढावीत. ती भरणारे थोडे असले, तर पुढील खरेदी त्या थोड्यांच्याच आवडीने होईल.