डिसेंबरच्या आधी काय बघून ठेवायचं: ‘ड्यून’, ‘एलियन’ की ‘अवतार’?

‘ड्यून’चा दुसरा भाग आला तेव्हा माझी भाची मैत्रिणींबरोबर थेट थिएटरात जाऊन तो बघून आली. पहिला भाग तिनं बघितलाच नव्हता. मध्यंतरात मला मेसेज आला: “मामा, हे निळ्या डोळ्यांचे लोक कोण? आणि ते त्या पोराला मानतात की घाबरतात?” मी घाईघाईनं चार ओळी लिहून पाठवल्या, पण चार ओळींत काय मावणार! घरी आल्यावर ती म्हणाली, “दिसायला भारीच होता. पण जिथं रडू यायला हवं होतं, तिथं मी कोण कोणाचा कोण लागतो ते जुळवत बसले होते.”

आता तिसऱ्या भागाची तारीख ठरली आहे, १८ डिसेंबर २०२६. यावेळी ती आधीच विचारतेय. त्याच्या आगेमागे तिची परीक्षा आहे, शनिवार-रविवार मोजकेच हाताशी आहेत, आणि मैत्रिणींपैकी एक ‘एलियन’चं नाव घेते तर दुसरी ‘अवतार’चं. एकच चित्रपटमालिका धरायची तर कुठली? आणि त्या मालिकांच्या पूर्वकथा, म्हणजे प्रीक्वेल, आधी बघायच्या की नंतर? तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

‘अवतार’चा निकाल लवकर लागतो, म्हणून तो आधी. पहिला भाग २००९ चा, दुसरा २०२२ चा, तिसरा १९ डिसेंबर २०२५ ला आला. तिन्ही मिळून नऊ तासांच्या वर जातात. एकट्या तिसऱ्याचीच लांबी सव्वातीन तासांच्या आसपास आहे. पण हे नऊ तास डोक्याला जड नाहीत. एक कुटुंब, एक ग्रह, त्यावर डोळा ठेवून आलेली माणसं, इतकं कळलं की दहा वर्षांचं मूलही कथा धरून बसतं. नाव तर आपल्याच शब्दाचं, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मला दुसरा भाग सगळ्यांत आवडतो, तो त्यातल्या पाण्यासाठी. त्या प्रसंगांसाठी कलाकार खरोखर पाण्याखाली उतरले, केट विन्स्लेटनं सात मिनिटांहून जास्त वेळ श्वास रोखला होता, आणि ते कष्ट पडद्यावर दिसतात. तिसऱ्यात राखेच्या प्रदेशातली टोळी आणि तिची प्रमुख वरांग जबरदस्त आहे (ती भूमिका ऊना चॅप्लिननं केली आहे, चार्ली चॅप्लिनची नात). कथा मात्र दुसऱ्याच भागाच्या वळणावरून पुन्हा चालत जाते, असं मला स्पष्ट वाटलं.

पुढचा भाग कधी? ठरलेली तारीख २१ डिसेंबर २०२९. मुलं मोठी दिसू नयेत म्हणून त्याचा काही भाग आधीच चित्रित करून ठेवला आहे, तरी आपल्याला थांबायचंच आहे. म्हणजे घाई अजिबात नाही. घरात लहान मुलं असतील आणि सगळ्यांनी मिळून बघायचं असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत ‘अवतार’ काढा. मोठा टीव्ही असेल तरच, कारण मोबाइलवर त्याचा जीवच जातो. एकट्यानं डिसेंबरची तयारी करायची असेल तर तो बाजूला ठेवा.

‘एलियन’ची गोष्ट वेगळी आहे, आणि इथं थोडं थांबायला हवं. पूर्वकथेचा खरा घोळ इथंच आहे.

रिडली स्कॉटचा मूळ ‘एलियन’ १९७९ चा. मालवाहू अवकाशयान, सात माणसं, एक मांजर, आणि कुठूनतरी आत शिरलेला एक जीव. तो जीव पडद्यावर जेमतेम काही मिनिटं दिसतो. बाकी वेळ आपण अंधारे बोळ, गळणारं पाणी आणि लोंबणाऱ्या साखळ्या बघत असतो, आणि तरी हात खुर्चीच्या दांड्यावरून सुटत नाही. तो काय आहे, कुठून आला, त्याला काय हवंय, यातलं कुणालाच काही माहीत नाही. सगळी भीती त्या ‘माहीत नाही’मध्ये आहे.

मग २०१२ मध्ये ‘प्रोमिथियस’ आला आणि २०१७ मध्ये ‘एलियन: कव्हेनंट’. दोन्ही स्कॉटचेच, दोन्हींची कथा मूळ चित्रपटाच्या आधी घडणारी. २०९३ आणि २१०४ या सालांत ते घडतात, मूळ चित्रपट २१२२ मध्ये. तेव्हा कुणीही म्हणेल, सालाप्रमाणे बघू या, म्हणजे गोष्ट नीट कळेल. असं करू नका. हे दोन चित्रपट मुळाशी जाऊन उत्तरं देतात. उत्तरं आधी हातात पडली की १९७९ च्या त्या बोळांमध्ये भिण्यासारखं फारसं उरत नाही. ‘प्रोमिथियस’ मला स्वतःला आवडतो, मायकेल फासबेंडरनं त्यात केलेला यंत्रमानव डेव्हिड विसरता येत नाही. पण ज्यानं मूळ बघितलाय त्यालाच तो आवडणार. पूर्वकथेत घटना आधीच्या असतात, पण ती लिहिली जाते पुढची गोष्ट माहीत असलेल्या प्रेक्षकासाठी. ‘स्टार वॉर्स’चंही तसंच: १९७७ पासूनचे तीन आधी बघायचे, ‘पहिला अध्याय’ असं नाव लावून आलेला १९९९ चा नंतर.

‘एलियन’साठी माझा क्रम सोपा आहे. १९७९ चा मूळ, मग १९८६ चा ‘एलियन्स’. दुसरा जेम्स कॅमेरॉनचा, म्हणजे ‘अवतार’वाल्याचाच. पहिला भयपट होता, यानं युद्धपट केला. नावात नुसतं अनेकवचन केलं आणि एका जीवाच्या जागी झुंड आणली. सीक्वेल कसा करावा हे शिकायचं असेल तर हा बघावा, कारण तो पहिल्याची नक्कल करत नाही आणि त्याच्याशी बेइमानीही करत नाही. नायिका रिप्लीच्या भूमिकेसाठी सिगर्नी वीव्हरला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही विज्ञानपटातल्या कामासाठी. हीच बाई सत्तरीच्या घरात आल्यावर ‘अवतार’मध्ये चौदा वर्षांची किरी झाली आहे. दोन्ही मालिका बघणाऱ्याला तिचा आवाज ओळखू येतो, आणि तेव्हा फार बरं वाटतं.

हे दोन मिळून सव्वाचार तास. वेळ उरला तर २०२४ चा ‘एलियन: रोम्युलस’, तो या दोहोंच्या मधल्या काळात, २१४२ मध्ये घडतो. त्याच्या पुढच्या भागाची घोषणा झाली आहे. आणि मग २०२५ ची ‘एलियन: अर्थ’ ही आठ भागांची वेब सीरिज. ती मूळ चित्रपटाच्या दोनच वर्षं आधी, २१२० मध्ये घडते, आणि तिचा दुसरा सीझनही येणार आहे. तिच्यात आपला आदर्श गौरव आहे. लहान मुलाचं मन मोठ्या माणसाच्या कृत्रिम शरीरात घातलंय अशी ती भूमिका आहे. कुणी धमकावल्यावर त्याचे खांदे शाळेतल्या पोरासारखे वर येतात, हात कुठं ठेवायचे ते त्याला सुचत नाही. ते दोन क्षण बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. या सीरिजसाठी मूळ चित्रपट बघितलेला असला की पुरतं.

भाचीला मात्र मी ‘एलियन’ सुचवला नाही. तिला रक्त बघवत नाही, आणि इथं त्याला तोटा नाही.

जाता जाता एक नाव. ज्यांना गृहपाठ करायचाच नाही, त्यांनी ‘प्रे’ बघावा. २०२२ चा हा चित्रपट ‘प्रेडेटर’ मालिकेची पूर्वकथा आहे, पण घडतो थेट १७१९ मध्ये, अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या कोमांची लोकांमध्ये. आधीचा एकही भाग न बघता पावणेदोन तासांच्या आत पूर्ण गोष्ट मिळते. आणि हा संपूर्ण चित्रपट कोमांची भाषेत डब केला आहे. ती भाषा बोलणारे आता फार थोडे उरलेत, तरी हे झालं. ‘अवतार’चा दुसरा भाग भारतात हिंदी, तमीळ, तेलुगू, कन्नड, मल्याळममध्ये आला, मराठीत नाही. कोट्यवधी बोलणारे आपण, आणि आपल्या आजीला हे चित्रपट आपणच शेजारी बसून कानात सांगावे लागतात. ही गोष्ट मला मनापासून लागते.

आता ‘ड्यून’. आधी त्रुटी सांगतो. २०२१ चा पहिला भाग दोन तास पस्तीस मिनिटांचा आहे आणि तो अर्ध्यावर संपतो. संपल्यावर पोट भरल्यासारखं वाटत नाही. पहिला पाऊण तास नावांचा भडिमार आहे. विनोद जवळजवळ नाही. २०२४ चा दुसरा भाग दोन तास सेहेचाळीस मिनिटांचा, आणि पहिल्याशिवाय त्यात शिरता येत नाही. माझ्या भाचीचं काय झालं ते वर सांगितलंच.

तरीही मी हाच सुचवतो, आणि त्याचं कारण सांगायला एक प्रसंग पुरेसा आहे. वाळवंटी ग्रहावर नवा सरदार आला आहे. तिथल्या फ्रेमेन लोकांचा पुढारी स्टिल्गार त्याला भेटायला येतो, आणि समोरच्या टेबलावर थुंकतो. सरदाराची माणसं खवळतात. तेवढ्यात एकजण त्यांना आवरतो आणि स्टिल्गारचे आभार मानतो: तुमच्या शरीरातलं पाणी तुम्ही आम्हाला दिलंत, आम्ही ते मानानं स्वीकारतो. थिएटरात काहीजण हसले. मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्याकडे आली, तेव्हा पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देणं म्हणजे काय असतं ते मी माझ्या आईच्या चेहऱ्यावर बघितलं आहे. मला हसू आलं नाही. घामाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून अंगातलं पाणी गाळून परत प्यायला देणारा तो पोशाख, मेलेल्या माणसाचं पाणीही टोळीचं मानण्याची ती रीत, हे सगळं एका दुष्काळी समाजाचं साधं व्यवहारज्ञान आहे. फ्रँक हर्बर्टनं मूळ कादंबरी १९६५ मध्ये लिहिली, तीही अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या बघून सुचलेल्या विचारातून.

दुसरं कारण तिसऱ्या भागात आहे. तो हर्बर्टच्या १९६९ च्या ‘ड्यून मसाया’ या कादंबरीवर आहे, आणि दिग्दर्शक डेनी विल्नव यांनी आपली चित्रत्रयी इथं संपवायची ठरवली आहे. म्हणजे इथं एका गोष्टीला शेवट आहे. ‘अवतार’सारखं २०२९ आणि २०३१ ची वाट बघणं नाही. शिवाय ती कादंबरी पहिल्या गोष्टीचा हिशोब मागते. पॉल नावाच्या एका तरुणाला लोकांनी तारणहार ठरवलं, त्याच्या नावानं लढाया केल्या, तो सिंहासनावर बसला. त्याची किंमत कुणी मोजली? लोकांनी माणसाला देव करू नये यासाठीच हर्बर्टनं ही कथा रचली होती. पहिले दोन भाग बघून पॉलच्या बाजूनं टाळ्या वाजवलेल्या असतील तरच तिसऱ्यात ती जखम लागेल. म्हणून इथं गृहपाठाला पर्याय नाही, आणि तो आहे फक्त पाच तास एकवीस मिनिटांचा. तिन्ही मालिकांचे सगळे भाग धरले तर सगळ्यांत कमी वेळ इथंच लागतो.

याही मालिकेची एक पूर्वकथा आहे: ‘ड्यून: प्रॉफेसी’, २०२४ ची सहा भागांची वेब सीरिज. पॉलच्या जन्माआधी दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. बेने जेसेरिट या स्त्रियांच्या संघटनेची सुरुवात तिच्यात आहे, आणि तब्बू आहे. तब्बू पडद्यावर आली की नजर हलत नाही, एवढं खरं. पण डिसेंबरच्या चित्रपटासाठी ती बघण्याची काही गरज नाही. पात्रं वेगळी, काळ वेगळा, चालही वेगळी. तिसरा भाग बघून झाल्यावर मन अजून त्याच जगात रेंगाळत असेल, तेव्हा ती काढा.

‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’चीही तारीख तीच आहे, १८ डिसेंबर. त्याच्या मागे तीसहून जास्त चित्रपट आहेत. जे आजवर बघत आलेत त्यांना मी काही सांगायची गरज नाही, आणि जे नाहीत त्यांनी आता सुरुवात करू नये.

तर भाचीसाठी बेत असा ठरलाय. परीक्षा संपल्यावर पहिल्या शनिवारी रात्री ‘ड्यून’ पहिला, माझ्या घरी, दिवे बंद करून, आवाज मोठा ठेवून. त्या आधी चारच नावं कागदावर लिहून देणार: आत्रेयडिज हे पॉलचं घराणं, हार्कोनन हे त्यांचे वैरी, फ्रेमेन हे वाळवंटातले मूळ रहिवासी आणि बेने जेसेरिट या सगळ्यांच्या मागून सूत्रं हलवणाऱ्या बायका. निळे डोळे वाळूत सापडणाऱ्या ‘मसाला’ नावाच्या पदार्थामुळे होतात, हेही लिहीन. इंग्रजीतूनच बघायचा, सबटायटल लावून, कारण यात बरंचसं पुटपुटून बोललं जातं आणि फ्रेमेन लोकांसाठी खास तयार केलेली भाषा कानावर पडायला हवी. दुसऱ्या शनिवारी दुसरा भाग. दोहोंत आठवड्यापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर नावं परत विसरतात. मग तिसऱ्याची तिकिटं, मोठ्या पडद्याची, मधल्या रांगेतली. तिची आईही येते म्हणतेय, म्हणून कागद दोन करून ठेवलेत.